कापसाचा बोळा

जुलैतल्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या, एका दुपारी मी हेल्मेटच्या आत बसेल अशी पातळ टोपी घ्यायला गेलो होतो. मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली भागात स्टेशनच्या मागच्या बाजूला तेव्हा सायकलींचं एक लहान दुकान होतं. दुकानदाराने विचारलं, कोणासाठी? मी म्हटलं, मुलासाठी. हृषिकेश माझा मुलगा नव्हता. आमच्याकडे खोली घेऊन राहणारा विद्यार्थी होता. पण दुकानात एवढं कोण सांगत बसतं.

टोपी हवी होती, कारण माझ्या बायकोने, सुचित्राने, विणलेली कानटोपी घालायची त्याला भीती वाटू लागली होती.

हे २००८ सालचं. त्या दोन-तीन वर्षांत मेलबर्नला विद्यार्थ्यांचा लोंढा आला होता आणि आमच्या ओळखीच्या बहुतेक घरांतली रिकामी खोली भरली होती. हृषिकेश नाशिकचा. सिटीत कुकरीचा कोर्स करायचा आणि पहाटे एका बेकरीत शिफ्टला जायचा. पहिल्या ट्रेनच्याही आधी पोचावं लागे, म्हणून सायकल. आम्हाला मूल नव्हतं. सुचित्राने त्याला आल्या आठवड्यातच ताब्यात घेतलं.

आदल्या हिवाळ्यात त्याच्यासाठी तिने निळी कानटोपी विणली. पहिली जाड झाली. तिच्यावर हेल्मेट अधांतरी बसायचं, पट्टा हनुवटीपर्यंत पोचायचा नाही. तिने ती उसवली आणि बारीक लोकरीची पुन्हा विणली. टाळूवर एकेरी, कानांवर दुहेरी. तेवढ्याने तिचं समाधान होत नसे. खोबरेल तेलात लसणाची पाकळी करपवायची, त्यात कापूस बुडवून पिळायचा, वातीसारखा वळायचा आणि त्याच्या कानात घालायचा. बाहेर बारीकशी शेपटी ठेवायची, ओढून काढता यावा म्हणून.

"काकू, मागून ट्रक आला तर ऐकू कसा येणार?"

"वळून बघायचं. मान कशाला दिली आहे?"

"नाशिकला पण थंडी असते. कोणी बोळे घालत नाही."

"म्हणून नाशिकची माणसं एवढ्या मोठ्याने बोलतात. इकडे कर तो कान."

तो हसत मान वाकडी करून कान पुढे करायचा. मी बाजूला चहा घेत उभा असायचो. थंडीत माझेही कान दुखायचे. मी एकदा तसं म्हणालो तर सुचित्रा म्हणाली, "तुला काय धाड भरली आहे?" माझ्या कानात तिने कधी कापूस घातला नाही.

मार्चमध्ये ती गेली. ओट्यापाशी उभी होती, मेंदूत रक्तस्राव झाला, हॉस्पिटलमधून परत आली नाही. अंत्यविधी करणाऱ्या लोकांनी चार दिवसांनी आम्हाला तिला पाहायला बोलावलं. मी आणि शेजारची मंजिरी गेलो. खोली थंड होती आणि मेणाचा, औषधाचा वास येत होता. सुचित्राच्या ओठांना त्यांनी गुलाबी लिपस्टिक लावली होती. तिने तो रंग कधी लावला नव्हता.

"यांनी कापूस घातलेला नाही," मंजिरी हळूच म्हणाली. "नाका-कानात घालतात ना आपल्यात."

मी घरून तिचा वातींच्या कापसाचा स्टीलचा डबा आणला होता. तळाशी थोडाच उरला होता. मंजिरीने कानात घातला आणि मला म्हणाली, "नाकात तू घाल, प्रताप." मी दोन लहान बोळे वळून घातले. ओठाला बोट लागलं, बोटावर गुलाबी आलं.

मग उजव्या नाकपुडीतला कापूस हलला. बाहेर, आत, पुन्हा बाहेर. अगदी सावकाश. मंजिरीनेही पाहिलं.

"हीटरचं वारं असेल," ती म्हणाली.

त्या खोलीत हीटर नव्हता. मी बोटाने तो बोळा थोडा आत सरकवला. मग तो हलला नाही. डबा रिकामा झाला होता. दुसऱ्या दिवशी तिला अग्नी दिला.

जूनमध्ये थंडी सुरू झाली. एक दिवस हृषिकेश शिफ्टवरून आला तो ओट्याशी येऊन उभा राहिला. तळहातावर कापसाचे दोन बोळे होते.

"काका, हे तुम्ही कानटोपीत ठेवले होते का?"

"नाही."

"मग… सिग्नलला थांबलो तर काहीच ऐकू येईना. टोपी काढली, तर हे कानात. आय स्वेअर, मी घातले नव्हते."

मी ते हातात घेतले. वातीसारखे वळलेले, बारीक शेपटी ठेवलेले. करपलेल्या लसणाचा वास. कडा मात्र काळ्या पडलेल्या, जळत आलेल्या.

"फेकून द्या ना," तो म्हणाला.

मी ते रुमालात बांधून उशीखाली ठेवले.

नंतर असं दर दोन-चार दिवसांनी होऊ लागलं. घरातून निघताना कान मोकळे, आणि स्प्रिंगव्हेल रोडपर्यंत पोचेतो बंद. तो घाबरत गेला, मी रोज त्याची वाट पाहत गेलो. दार उघडलं की आधी विचारायचो, आज? आणि हात पुढे करायचो. त्याने बोळे वाटेतच फेकले असले तर माझा दिवस वाईट जायचा. तो म्हणाला, कानटोपीच घालणार नाही. मी म्हटलं, कान गारठतील, आजारी पडशील, काकूंनी एवढ्या हौसेने विणली. तो ती पुन्हा घालू लागला. घरभाडं मी त्याच्याकडून फार कमी घेत होतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. शेवटी त्याने कानटोपी खुंटीला अडकवली, तेव्हा मीच ती पातळ टोपी आणायला गेलो. काहीही करून तो जात राहायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी नवी टोपी घालून निघालेला हृषिकेश उजाडायच्या आत परत आला. पायी. सायकल ओढत आणली होती, पुढचं चाक वाकलं होतं. दाट धुकं होतं. मागून आलेला ट्रक त्याच्या कोपराला घासून गेला होता. ड्रायव्हर कितीतरी लांबून हॉर्न देत होता म्हणे.

मी त्याला खुर्चीवर बसवलं, दिवा जवळ घेतला. बोळे या खेपेला खोल होते. शेपटी ठेवली नव्हती. मला चिमट्याने काढावे लागले. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"कान बंद असतात तेव्हा काही ऐकू येतं का तुला?" मी विचारलं.

"काका, मला हॉस्पिटलला…"

"काही ऐकू येतं का?"

त्याने बाहीने डोळे पुसले.

"काकू बोलतात," तो म्हणाला. "वारं लागेल म्हणतात. आणि…"

"आणि?"

"म्हणतात, काकांना सांगू नकोस मी येते ते. त्यांना माझ्या येण्याची वाट दाखवू नकोस."

"कुठली वाट?"

"माहीत नाही. तेवढंच म्हणतात."

त्याच दिवशी त्याचा मित्र अपूर्व गाडी घेऊन आला आणि त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला, वेरिबीला घेऊन गेला. जाताना हृषिकेश माझ्या पाया पडला नाही, एरवी पडायचा. सायकल आणि निळी कानटोपी इथेच राहिली.

घर शांत झालं. आठवडाभर मी वाट पाहिली. लसणाचा वास आला नाही. मग मी चाक सरळ करून आणलं आणि पहाटे सायकल काढू लागलो. त्याच वेळी, त्याच रस्त्याने. हेल्मेट घालायचो, टोपी नाही. कान उघडे ठेवायचो, तिला दिसावेत म्हणून. पन्नाशीच्या माणसाला ती थंडी सोसत नाही. आधी कानांच्या पाळ्या जळतात, मग दुखणं जबड्यात उतरतं, मग काही वाटेनासं होतं. रस्त्यावर धुकं, ओल्या निलगिरीच्या पानांचा वास, चेनची करकर. मला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. तेच नको होतं.

ऑगस्टच्या अखेरीस ती आली.

ओढ्याकाठच्या वाटेवर चेनची करकर अचानक थांबली. मी पायडल मारत होतो, पण आवाज नव्हता. मी उतरलो. पाठीमागे अगदी जवळ कोणीतरी उभं होतं. लसणाचा नव्हे, मेणाचा आणि औषधाचा वास, त्या थंड खोलीतला.

"सुचित्रा," मी म्हटलं. "माझे पण कान दुखतात ग…"

हेल्मेट काढलं, मान वाकडी केली आणि कान पुढे केला, हृषिकेश करायचा तसा.

गार बोटं कानावरून गेली. थांबली नाहीत. गालावरून पुढे आली. मग नाकात काहीतरी कोरडं भरलं. आधी डावीकडे, मग उजवीकडे. तेल नव्हतं त्याला. मी तोंड उघडून श्वास घेतला, आणि तेवढ्यात एका बोटाने उजवा बोळा थोडा आत सरकवला.

घरी येऊन मी आरशासमोर उभा राहिलो. डावा बोळा सहज निघाला. पांढरा, न जळलेला, टोकाला गुलाबी डाग. उजवा निघाला नाही. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं, आत काहीही नाही म्हणाले.

आहे. उताणा पडून मी श्वास रोखून धरला, की तो हलतो.