ते सामान माझं नाही

विसरलो नाही मी. टाकलं. विसरणं वेगळं आणि टाकणं वेगळं, आणि त्या बाईला एवढं कळत नसेल तर तिनं लॉज चालवू नये. परत फोन आला तर तिला सांग तसं. म्हणे गिऱ्हाईक घाईत खोली सोडून गेलं आणि सामान पलंगावर राहिलं. अगं बाई, एकोणीस दिवस मी तेच सामान टाकत आलोय, आणि तू मला ते विसरलो म्हणतेस?

आणि फोनवर शेवटी ती काय म्हणाली, ते आत्ता बोलू नकोस. ऐकलंय मी. तो कंदील इकडं सरकव. दाराकडं नको रे, माझ्याकडं.

पहिल्यापासून सांगतो. तू या निवाऱ्याचा राखणदार, वाटेवरचे शंभर लोक तुला भेटतात, त्यामुळे तुला कळेल. फक्त मध्ये बोलू नकोस. मला मध्ये बोललेलं चालत नाही. त्यापायीच झालंय सगळं.

माझा एक मेहुणा आहे. शहरात बसून काम करतो. दोन वर्षांपूर्वी ही बेचाळीस दिवसांची वाट तो चालून आला, आणि तेव्हापासून आमच्याकडं आला की घास कमी घेतो आणि वाटेच्याच गप्पा मारतो. एक दिवस मला म्हणाला, दाजी, हे तुमचं काम नाही, त्याला डोकं थंड लागतं. मी हातातला मोबाईल भिंतीवर मारला आणि म्हटलं, सोमवारी निघतो.

तो मोबाईल लक्षात ठेव. तुकडे झाले होते त्याचे. बायकोनं झाडून केरात टाकले, माझ्यासमोर.

निघताना बायको दारापर्यंत आली. म्हणाली, वाटेत कुणाशी भांडू नका. आणि थोरले भाऊजी कुठं दिसले तर... एवढंच म्हणाली आणि आत गेली. मी गावाबाहेर निघालो की तिला दर वेळी वाटतं, ते भेटतील. थोरले भाऊजी म्हणजे माझा दादा. सतरा वर्षं झाली त्याला घरातून जाऊन. आहे की नाही तेही माहीत नाही. ते येईल पुढं.

तर सामान. मेहुण्यानं यादी करून दिली होती आणि मी गाढवासारखं सगळं पाठीवर घेतलं. दोन ब्लँकेटं, पातेलं, घडीची खुर्ची, पक्ष्यांचं पुस्तक. आता मला सांग, मला पक्षी दिसला तर मी काय त्याला थांबवून पुस्तकात नाव शोधत बसू? तिसऱ्या दिवशी चढावर ते पातेलं पाठीत टोचायला लागलं. काढलं आणि दिलं दरीत भिरकावून. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मग रोज एकेक. ब्लँकेट एका निवाऱ्यात टाकलं. पुस्तक ओढ्यात. खुर्ची एका खडकावर आपटली, तिचा एक पायच तुटला.

काल एकोणिसावा दिवस होता. गुडघा भोपळ्याएवढा झाला होता आणि एका बुटाची टाच निघालेली. खाली गावात लॉज होतं. म्हटलं, एक दिवस थांबायचं. पाय वर करून पडायचं, कपडे धुवायला द्यायचे, टाच ठोकून घ्यायची, दाढी करायची. एवढंच. कुणाचं काही घोडं मारलं नव्हतं मी.

आज सकाळी खोलीचं दार उघडलं, तर उंबऱ्यावर पातेलं.

तेच. दरीत गेलेलं. पण घासून लख्ख केलेलं, आणि हलत असलेला कान नवा खिळा मारून घट्ट बसवलेला. मी लॉजवाल्या बाईला विचारलं, हे काय. ती म्हणाली, तुमचा माणूस ठेवून गेला. मी म्हटलं, माझा कुणी माणूस नाही. तर ती म्हणते, मग काय माझा आहे? उलट मलाच. म्हणाली, बिचारा किती दमला होता, बसा म्हटलं तर बसला नाही. पाणी दिलं तर प्याला नाही, पायांवर ओतून घेतलं. मी विचारलं, दिसायला कसा होता? ती म्हणाली, तोंड कुठलं दिसतंय, ओझंच केवढं होतं समोर.

मला वाटलं, असेल कुणी मागून येणारा. असतात काही जण, उगाच भलं करत फिरतात. त्याला गाठून दोन शब्द सुनवायचे ठरवलं.

आधी, काल बूट ठोकायला दिले होते त्या मोच्याकडं गेलो. तो म्हणाला, बूट तर तुमचा माणूस घेऊन गेला. कुठं नेले विचारलं तर म्हणाला, पलंगाखाली ठेवतो म्हणाला. मी न्हाव्याकडं जाऊन बसलो. अर्धा गाल झाला असेल, न्हावी हात थांबवून म्हणाला, बाहेर तुमच्यासाठी कुणीतरी ठेवलंय बघा. पुस्तक होतं. पक्ष्यांचं. ओढ्यात फुगून गेलेलं असणार, पण पान न् पान सपाट, इस्त्री केल्यासारखं. मी तसाच, फेसाच्या तोंडानं, रस्त्यावर धावलो. लोक बघतायत. ऊन पडलेलं, रस्ता कोरडा. आणि दुकानाच्या पायरीपर्यंत ओल्या पावलांचे ठसे.

येतानाचे होते. जातानाचे नव्हते.

उरलेला गाल करताना न्हाव्याचा वस्तरा सरकला. हे बघ, इथं कापलंय.

तरी मी भ्यालो नव्हतो. मला राग आला होता. पुलावर गेलो, मधोमध उभा राहिलो आणि ते पातेलं दिलं नदीत फेकून. म्हटलं, आण आता. मोठ्यानं म्हटलं. एक म्हातारा शेजारून जात होता, तो चालायचा वेग वाढवून गेला.

खोलीवर आलो. पातेलं उशीवर होतं, ओलं. शेजारी ब्लँकेट, घडी घालून. पलंगाखाली बूट, टाच ठोकलेली. आणि घडीची खुर्ची उघडून मांडलेली, पायाला पाय जोडलेला, वर टॉवेल. माझ्या गुडघ्यासाठी. खोलीत गोणपाट भिजल्यासारखा वास. आता खोटं कशाला बोलू, बसलो मी, पाय ठेवला खुर्चीवर. बरं वाटलं. एवढ्या दिवसांत माझ्या गुडघ्याचं कुणी केलं नव्हतं. मी भिंतीकडं बघून म्हटलं, झालं ना आता सगळं देऊन? मग जा बाबा.

माझा डोळा लागला. पाच मिनिटं, फार तर दहा. उठलो तर पलंगावर मोबाईल.

माझा. घरच्या केरातला. तू हसतोयस, हस. काच एकसंध, तडा सुद्धा नाही. मी म्हटलं, हा वाटेवर टाकलेला नव्हता रे, हा तर घरी... पाणी प्यायला उठलो, वळलो, तर मोबाईलशेजारी बशी. बायकोच्या माहेरची, निळ्या काठाची. तीन वर्षांपूर्वी मी भिंतीवर मारलेली. बारीक बारीक रेघा, इतकी नीट चिकटवलेली. मग गजराचं घड्याळ, सहा वर्षांपूर्वीचं. मी डोळे मिटायला भीत होतो, पण डोळे मिटावे लागत नव्हते. नुसती मान वळवली की एक वस्तू वाढायची. पावलं नाहीत, दाराचा आवाज नाही. फक्त कुणीतरी ओझं खाली ठेवून उसासा टाकावा, तसा आवाज यायचा. आणि तो भिजक्या गोणपाटाचा वास, दर वेळी थोडा जास्त.

शेवटी रेडिओ आला.

दादाचा रेडिओ. सतरा वर्षांपूर्वी मी तो विहिरीत टाकला होता. शेवाळ पुसलेलं, पण आतून पाणी गळत होतं, चादर भिजत होती. आणि चालू होता. हळू आवाजात हवामान सांगत होता. आज दिवसभर जोरदार पाऊस, म्हणत होता. बाहेर कडक ऊन.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तो मागं मागं चाललाय. एकेक वर्ष. मी आयुष्यात रागानं जे जे फेकलं, ते तो उलट्या क्रमानं आणून देतोय. मला सगळं आठवेना. पण बायकोला पाठ आहे. त्याच मोबाईलवरून तिला फोन लावला. लागला. तिनं विचारलं, कुणाच्या फोनवरून बोलताय. मी म्हटलं, ते सोड, मी आजवर काय काय फेकलं ते सांग, अलीकडून मागं.

तिनं का म्हणून विचारलं नाही. बायका अशा प्रश्नाची वाट बघत असतात वाटतं. दम न खाता सांगायला लागली. तुमचा मोबाईल. माझी बशी. गजराचं घड्याळ. मध्ये एक चमचा, तो धरत नाही मी. भाऊजींचा रेडिओ.

मी म्हटलं, आणि रेडिओच्या आधी?

ती परत मोबाईलपासून सांगायला लागली.

"अगं, रेडिओच्या आधी काय?"

"रेडिओच्या आधल्या दिवशी," ती म्हणाली, "थोरले भाऊजी."

...थांब. पाणी दे थोडं.

तुला सांगतो काय झालं होतं. छप्पर गळत होतं. मी आतून फडकी कोंबत होतो. दादा म्हणाला, आतून कोंबून काय होतंय, बाहेरून डांबर लावायला हवं. मी बोलत असताना मध्ये बोलला. त्याच्या हातात डांबराचा डबा होता, गरम करून आणलेला. मी म्हटलं, बाहेरून ना? मग जा बाहेर. आणि ढकलला त्याला, धो धो पावसात, डब्यासकट. वर त्याची पिशवी फेकली. कडी लावली. त्यानं दार ठोकलं. त्याची एक सवय होती, दोनदा ठोकायचं, थांबायचं, मग एकदा. तसं ठोकलं. बायको उठली कडी काढायला, मी तिला बस म्हटलं. मग ठोकायचं थांबलं. मला वाटलं, जाईल कुठं, सकाळी येईल. सकाळी शिडी छपराला लावलेली होती आणि तो नव्हता. दुसऱ्या रात्री त्याचा रेडिओ फळीवर बघवेना, म्हणून विहिरीत टाकला. छप्पर अजून तिथंच गळतं.

हे बोललो नव्हतो कधी कुणाशी. मेहुण्याला तर वाटतं, दादा नोकरीसाठी गेला.

तर फोन ठेवला, बूट घातले आणि निघालो. सामान तिथंच टाकून, मोबाईलसकट. पाच तास चढ चढलो, या गुडघ्यानं. मागं वळून बघितलं नाही. अर्ध्या वाटेत, त्या मोडक्या कठड्यापाशी, लक्षात आलं की मी काय करून बसलोय. सगळं परत टाकून आलो ना मी. म्हणजे तो ते घेऊन येणार. तो कधी काही ठेवून घेत नाही, एवढं आज मला कळलंय.

आणि अजून एक कळलंय. तो नुसतं आणून देत नाही. मोडलेलं असेल ते जोडून आणतो. पातेल्याचा कान, खुर्चीचा पाय, बशी. दादाचं काय मोडलं होतं... मला माहीत नाही. छपरावर चढला होता का तो, पावसात, अंधारात, हेही मला माहीत नाही. मी कडी काढून बघितलं नव्हतं.

आता सांग. फोनवर ती बाई शेवटी काय म्हणाली? जसं म्हणाली तसंच सांग, पदरचं घालू नकोस.

"काळजी करू नका म्हणावं, तुमची माणसं सामान घेऊन निघालीत. दोघं आहेत."

दोघं. सकाळी एकच होता.

ऐकलंस? वारा नाहीये तो. वारा दोनदा ठोकून थांबत नाही. आणि हा वास... गोणपाटाचा नाही हा. डांबर आहे. गरम डांबर. तुझ्या निवाऱ्यात डांबर आहे का कुठं? नाही ना.

...

आणि हे एकदा.

माझ्याच्यानं उठवत नाही. गुडघा म्हण, काय म्हणायचं ते म्हण. मी आज ओरडणार नाही, मध्ये बोलणार नाही, तो म्हणेल तसं बाहेरून लावू. पण त्या दिवशी कडी मी लावली होती, माझा हात आता तिथं जात नाही. ऊठ तू. कडी काढ.