ग्रेस चर्चची पांढरी व्हॅन

"मी खोटारडा नाही," वर्लिन स्टंप म्हणाला, आणि मग खुर्चीत बसला. टोपी काढायचंही त्याच्या लक्षात राहिलं नाही.

इमोजीन ब्रॅचरचं ऑफिस लॉन्ड्रीच्या वर होतं. खालची यंत्रं फिरू लागली की तिच्या टेबलावरची कॉफी थरथरायची. काचेचा कारखाना बंद झाल्यापासून टॉलिव्हर बेंडमध्ये खासगी तपासाला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. तीस वर्षं विमा कंपनीत अपघात तपासलेल्या इमोजीनला त्याचं फारसं दुःख नव्हतं. तिला फक्त कधीतरी पुरेशी झोप हवी होती.

"तुला खोटारडा म्हणतंय कोण?" तिने विचारलं.

"सगळेच. तोंडावर कोणी म्हणत नाही, एवढंच."

गेल्या रविवारी वर्लिन ग्रेस बाप्टिस्ट चर्चची जुनी पंधरा आसनी व्हॅन घेऊन म्हाताऱ्या मंडळींना घरी सोडत होता. पुलाच्या उतारावर गाडीखालचा, चाकं फिरवणारा लोखंडी दांडा निखळला आणि रस्त्यात रुतला. गाडी चरात गेली. विल्मा केटरिंगच्या खुब्याचं हाड मोडलं.

"त्या दांड्याचा रबरी जोड चिरतो. म्हणून कंपनीने त्या सालच्या सगळ्या गाड्या फुकट दुरुस्तीला बोलावल्या होत्या. आमचं पत्र जानेवारीत आलं. अकरा फेब्रुवारीला मी जोड बदलून आणला. आणि आता कंपनीची नोंद सांगते, ही गाडी वर्कशॉपमध्ये आलीच नाही!"

"पावती?"

"गाडीच्या कप्प्यात ठेवली होती. आता नाही."

"गुरुवारी चर्चच्या कारभाऱ्यांचं, डीकनांचं मंडळ बसतंय ना?" खिडकीपाशी उभ्या फ्लॉइडने विचारलं. इमोजीनच्या मयत नवऱ्याचा हा धाकटा भाऊ तिच्यासाठी गाडी चालवायचा आणि प्रत्येक गोष्ट उशिरा समजून घ्यायचा.

"बसू दे. गाडीची किल्ली काढून घेतील, घेऊ देत. पण विल्मा मला भेटत नाही, इमोजीन. एकतीस वर्षांपासूनची शेजारीण. म्हणते, हाड मोडलं त्याचं काही नाही, पण जोड बदलला म्हणून चर्चमध्ये उभं राहून सांगितलंस, ते खोटं निघालं."

इमोजीनने पेन उघडलं. "गाडी ओळखीची होती ना तुझ्या?"

"डोळे मिटून चालवायचो. तशीच चालवायची वेळ आली होती म्हण. मोतीबिंदू. मार्चच्या शेवटी ऑपरेशन झालं."

*

चर्चच्या ऑफिसात डोरीन टाइप करत होती. तिने मान वर केली नाही.

"ब्रदर वर्लिनबद्दल असेल तर मला काही माहीत नाही."

"कंपनीचं पत्र किती वेळा आलं?"

"दोनदा. जानेवारीत, मग एप्रिलमध्ये आठवण म्हणून."

"एप्रिलच्या पत्राचं काय केलंस?"

डोरीनची बोटं थांबली. "टाकून दिलं. ब्रदर वर्लिनने काम करून आणलं होतं ना!"

"आता मात्र म्हणतेस की आणलं नव्हतं."

"मी नाही म्हणत, नोंद म्हणते!" ती चिडून म्हणाली. "मोडलेल्या गाडीवरचा नंबर डीकननी स्वतः वाचला. आमच्या कागदांशी जुळतो. आता काय करू मी?"

वर्कशॉपचा मालक ग्रेस बाप्टिस्ट म्हटल्यावरच वैतागला. "बाई, आम्ही प्रत्येक गाडीचा नंबर टाकून काम करतो. मालकाचं नाव कंपनीकडून आपोआप छापून येतं. अकरा फेब्रुवारीला तसली एकच पांढरी व्हॅन आली. ती सेंट हेडविगची, कॅथलिकांची."

"आणली कोणी?"

"देव जाणे. लोक सकाळी दाराच्या फटीतून किल्ली टाकून जातात. संध्याकाळी काउंटरवरच्या मुलीने सही घेऊन गाडी दिली असेल. ती मुलगी आता कोलंबस शहरात राहायला गेली."

बाहेर आल्यावर फ्लॉइड म्हणाला, "म्हणजे वर्लिन गेलाच नाही, वहिनी."

"तुला भूक लागलीय का?"

"लागलीय."

"मग भुकेल्या पोटी निकाल देऊ नकोस."

*

हॉस्पिटलात विल्मा केटरिंग भिंतीकडे तोंड करून पडली होती. वय एक्याऐंशी, आवाज तिशीतला.

"त्याने पाठवलं असेल तर परत जा."

"मला फक्त व्हॅनबद्दल बोलायचंय. तुम्ही कुठे बसायचात?"

"शेवटच्या बाकावर. मागचा हीटर कधीच चालला नाही, म्हणून तिथे कोणी बसत नाही. मला मोकळं लागतं." ती जरा वळली. "या हिवाळ्यात मात्र चालला. नाताळला मी वर्लिनला पेकन-मेव्याचा केक करून दिला त्याबद्दल. आणि ईस्टरच्या सकाळी पुन्हा पायांचा बर्फ! दुरुस्ती टिकत नाही त्याची. शब्दासारखीच."

जिन्यात इमोजीनने वर्लिनला फोन लावला. "मागचा हीटर कधी दुरुस्त केलास?"

"मी? कधीच नाही. का?"

"नाताळचा केक कशाबद्दल मिळाला मग?"

"मला वाटलं, मी चांगला माणूस आहे म्हणून."

*

सेंट हेडविगच्या मागच्या अंगणात काझिमीर वोइतास गवत कापत होता. चर्चची देखभाल आणि व्हॅन, दोन्ही त्याच्याकडे. त्याची व्हॅन ग्रेसच्या व्हॅनसारखीच होती. शाळेच्या लिलावात दोन्ही चर्चनी एकाच दिवशी घेतलेल्या जुळ्या गाड्या. दारावर चर्चच्या नावाची चुंबकाची पाटी, तेवढाच फरक.

"तुमच्या गाडीचा जोड बदललाय?"

"बदललाय."

"तुम्ही नेली होती?"

"फादरना विचारा." त्याने यंत्र पुन्हा सुरू केलं.

फादर बोलके होते. "हो, कंपनीचं आभारपत्र आलं ना! काझच करतो सगळं. या हिवाळ्यात बिंगो खेळायला येणाऱ्या म्हाताऱ्या मात्र पाय गारठतात म्हणून माझ्या मागे लागल्या होत्या. वसंतात आपोआप ठीक झालं. विषय का काढलात? काही झालंय का?"

"काही नाही, फादर. ऑक्टोबरात बक ड्यूगनच्या अंत्ययात्रेला दोन्ही व्हॅन होत्या ना?"

"होत्या. अर्धं गाव त्यातून गेलं. पाट्या काढून ठेवल्या होत्या, नेहमीसारख्या. मयताला जाहिरात नको."

*

गुरुवारी ग्रेस चर्चच्या तळघरात पाच डीकन, डोरीन, वर्लिन, फ्लॉइड आणि इमोजीनने बोलावलेला काझिमीर बसले. कॉफी कडवट होती. इमोजीन उभी राहिली ती टेबलाला टेकून.

"वर्लिन खरं सांगतो. वर्कशॉपही खरं सांगतं. अकरा फेब्रुवारीला वर्लिनने सेंट हेडविगची व्हॅन दुरुस्त करून आणली."

"काय?" फ्लॉइड एकटाच ओरडला.

"बकच्या मयताला पाट्या काढल्या. परत लावताना अदलाबदल झाली. या गावात प्रत्येक जण किल्ली गाडीतच, काचेवरच्या ऊन अडवणाऱ्या पट्टीत खोचून ठेवतो आणि गाडी पाटीवरून ओळखतो, नंबरवरून नाही. त्यात वर्लिनच्या डोळ्यांवर पडदा. ऑक्टोबर ते मार्च तो कॅथलिकांची गाडी चालवत होता. विल्माचे पाय उबदार, बिंगोवाल्यांचे गार. ईस्टरला उलटं. हीटर आपोआप चर्च बदलत नाही. कोणीतरी गाड्या परत बदलल्या."

सगळ्यांच्या नजरा काझिमीरकडे गेल्या.

"नंबरपाटीवर दरवर्षी नोंदणीची नवीन चिकटपट्टी लावायची असते," इमोजीन म्हणाली. "मार्चमध्ये, काझ. ती लावायला तुम्ही वाकलात, तेव्हा नंबर आपला नाही हे दिसलं."

"एका सकाळी गाड्या बदलल्या," काझिमीर हळूच म्हणाला. "पाट्याही. पाच महिने दुसऱ्याची गाडी चालवली, हे कोणत्या तोंडाने सांगू? पन्नास वर्षं गाड्यांत गेली माझी."

"परत आलेल्या गाडीखाली तुम्ही शिरलातच असाल."

"तेल बदलायला. नवा कोरा जोड दिसला. कळलं, की मी परत केलेल्या गाडीला तो नाही." त्याने हात चोळले. "म्हटलं, त्यांनाही पत्र येणारच."

"आलं," डोरीन म्हणाली. "मी टाकून दिलं."

"पावती कुठे आहे?" एका डीकनने विचारलं.

काझिमीरने खिशातून घडी केलेला कागद काढला. वर सेंट हेडविगचं नाव छापलेलं, खाली वर्लिनची सही, ओळ सोडून तिरपी गेलेली. "आमच्या कप्प्यात होती. रविवारपासून खिशात घेऊन फिरतोय. आधी द्यायला हवी होती."

वर्लिनने कागद हातात घेऊन सही पाहिली. मग वर्लिन म्हणाला, "त्या दिवशी पाट्या मीच लावल्या होत्या, काझ. दोन्ही गाड्यांना. तू थकला होतास, म्हणून."

मंडळाने काही ठरवलं नाही. ठरवण्यासारखं कोणाजवळ उरलं नव्हतं.

*

इमोजीनने वर्लिनला हॉस्पिटलात नेलं. दारात तो अडखळला.

"सगळं सांगायचं का? पाट्यांचंही?"

"तुझं तू बघ."

त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, पाट्यांसकट. विल्मा छताकडे बघत ऐकत होती.

"म्हणजे खोटं बोलला नव्हतास."

"नाही. पण चूक माझीच."

"चुकांचं मला सांगू नकोस, मी तीन लग्नं केलीत." तिने डोळे मिटले. "खुर्ची ओढ आणि बस. आणि टोपी काढ, चर्चमध्ये नाहीस म्हणून काय झालं."

तो बसला. इमोजीनने दार हळूच लोटलं आणि बाहेरच्या बाकावर, फ्लॉइडच्या शेजारी, तिला बसल्या बसल्या झोप लागली.