निळ्या चौकटीतला मिन्को

शुक्रवारी सकाळी स्टानका वल्कोवा आपल्याच वेबसाइटवर शेकडो वेळा वारली.

बल्गेरियातल्या लोवेच गावात कोणी वारलं की शोकपत्रकं छापून दारावर, झाडावर, बसथांब्यावर चिकटवतात. ती छापायचं दुकान स्टानकाचं. अलीकडे लोक घरबसल्या मृताचा फोटो चढवत आणि पत्रक वेबसाइटवरही झळके. त्या सकाळी प्रत्येक मृताच्या जागी स्टानकाचा चेहरा होता. तोही हसरा.

खासगी गुप्तहेर राडा मानेवा पोचली तेव्हा दुकानातला फोन थांबत नव्हता. मागून धापा टाकत गान्चेव आला. जकात खात्यातून निवृत्त झालेला हा तिचा सहकारी संशय घेण्यात तरबेज होता. फक्त माणूस चुकायचा.

"उद्या मृतांचा शनिवार," स्टानका येरझारा घालत म्हणाली. "अख्खं गाव गहू उकडून स्मशानात जाणार, आणि त्यांच्या आजोबांच्या जागी मी. दुपारी ल्युबेनला काढते आणि पोलिसांत देते. वेबसाइट त्यानेच बनवलीय."

"दुपार होऊ द्या," राडा म्हणाली.

ल्युबेन संगणकापाशी नखं खात होता.

"आत शिरले कुठून?" राडाने विचारलं.

"वेबसाइटवर थडग्यांची चित्रं चढवायला पाथरवट आस्पारुहची वेगळी खिडकी आहे, तिथून. गिऱ्हाइकांच्या खिडकीतून फक्त फोटो जातो. तिथे वेबसाइट फाइलच्या नावाला भुलत नाही, आत काय आहे ते उघडून तपासते. पण त्याच्या कोरीवकामाच्या मशीनला चित्रविचित्र फाइली लागतात, म्हणून बाईंनी त्याच्यापुरती तपासणी बंद ठेवायला लावली. तिथून कोणीतरी थडग्याचं चित्र म्हणून प्रोग्राम चढवला. तो सर्व्हरवर जाऊन पडला, मग त्याने तो बाहेरून उघडला आणि तो चालू झाला. त्यानेच फोटो बदलले. असले प्रोग्राम इंटरनेटवर तयार मिळतात."

"पासवर्ड?"

"'ग्रॅनाइट'. मांजर सोडून दुकानात सगळ्यांना माहीत."

चित्र जोडायला आधी पत्रक लागतं. ल्युबेनने ते दाखवलं. मिन्को देलिएव, वय एकाहत्तर, खाली 'शोकाकुल भाऊ आणि पुतणे', भोवती निळी चौकट. असा माणूस गावात कधी नव्हताच.

"निळी का?"

"काय की. आपोआप काळी येते, दुसरी हवी तर मुद्दाम निवडावी लागते. निळी अकाली गेलेल्या तरण्या पोरांसाठी ठेवलीय."

बाहेर येताच गान्चेव कुजबुजला, "घाबरलाय. म्हणजे तोच."

"तुम्हीही मला घाबरता, गान्चेव."

पाथरवट आस्पारुहच्या भुवयांवर दगडाची भुकटी होती. "मला पत्रक करायला लावू नका बाई. कोणीतरी केलेल्याला मी चित्र जोडतो."

"निळी चौकट कोणाची?"

"हिरवी मुसलमानांची, एवढं ठाऊक आहे. निळी पोहण्याच्या क्लबची असेल. माझा दगड सगळ्यांना काळाच."

स्टानकाचा थोरला भाऊ आणि भागीदार दिमो मागच्या खोलीत कॉफी ढवळत होता. "केव्हाचा सांगतोय तिला, विकून टाक. सोफियाचं गिऱ्हाईक तयार आहे. पण वेबसाइट चालते म्हणून बाईसाहेब ऐकत नाहीत. वडिलांच्या हाताखाली छपाईचे खिळे जुळवलेत मी. आता कोणीही उठतो नि पत्रक करतो. नावं चुकीची, फोटो लग्नातले, अविवाहित म्हाताऱ्या मास्तरांना काळी चौकट. बिनलग्नाचा गेला तो निळ्यातच जायचा, वय काही असो. कोणाला सांगता? कॉफी घेणार?"

गान्चेवने घेतली.

दुपारी सगळे दुकानात जमले. स्टानकाने फोन उचलून बाजूला ठेवला होता. तो तसाच कुरकुरत होता.

"पाथरवटाने हे केलं असतं तर त्याचीच खिडकी बंद झाली असती," राडा म्हणाली. "आस्पारुह कंजूष आहे, मूर्ख नाही. ल्युबेनकडे तर सर्व्हरची किल्लीच आहे. त्याला खोटा माणूस मारायची गरज काय? आणि घाईत खोटं पत्रक करणारा चौकटीला हातही लावत नाही. इथे कोणीतरी थांबून निळी निवडली."

"रंग आवडला असेल," गान्चेव म्हणाला.

"पत्रकाखाली बायको नाही, मुलं नाहीत. म्हणजे मिन्को बिनलग्नाचा. ज्याने त्याला जन्माला घालून लगेच मारलं, त्याला मिन्कोला काळ्या चौकटीत पाठवणं जमलं नाही. ल्युबेनच्या लेखी निळी पोरांची, आस्पारुहच्या लेखी पोहणाऱ्यांची. एकाहत्तरीच्या ब्रह्मचाऱ्याला ती देणारा या दुकानात एकच आहे."

दिमोची कॉफी केव्हाच गार झाली होती, तरी तो ढवळत राहिला.

"चुकीचं पत्रक मी आजवर केलं नाही," तो अखेर म्हणाला. "वेबसाइट सडकी निघाली असती तर तू विकलं असतंस, स्टानका. बस."

"आणि ल्युबेन तुरुंगात गेला असता, दादा."

दिमोने कप बाजूला सारला.

स्टानका ल्युबेनकडे वळली. "फोटो?"

"कालची प्रत आहे. पण दार उघडं असताना परत ठेवून काय उपयोग? आधी ती खिडकी बंद. ठरलेल्या प्रकारच्याच फाइली घ्यायच्या, आत काय आहे ते बघायचं, नाव आपण द्यायचं, आणि ठेवायच्या अशा जागी जिथे काहीच चालू होत नाही. आस्पारुहदादांच्यासुद्धा. नाहीतर मला काढाच."

"मग मी माझं काम दुसरीकडे नेतो," आस्पारुह म्हणाला.

दुकानाचं निम्मं काम त्याचं होतं. स्टानका पडद्यावरच्या आपल्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"न्या," ती म्हणाली, आणि ल्युबेनसाठी खुर्ची पुढे ओढली.