ओत्साटेगीची वाट

ओत्साटेगी नावाच्या घराचा सौदा झाला तेव्हा टॅमसिनच्या आईने, लोर्नाने, वकिलाला नुसतं पिळून काढलं होतं. झरा कुणाचा, सफरचंदाची बाग कुठपर्यंत, गोठ्याचं छप्पर आपल्यात येतं का, परदेशी बाईच्या नावावर शेतजमीन नीट चढते ना! अंगणातून चर्चकडे उतरणाऱ्या वाटेबद्दल मात्र तिने काही विचारलं नाही. विचारणार कशी? वाट दिसतच नव्हती. तिथे होतं गुडघाभर गवत.

कॅनडातून आलेल्या या मायलेकींनी खाली बास्क मुलखातल्या आस्पेइतिया गावात भाड्याच्या घरांत चार वर्षं काढली होती. टॅमसिन शाळेत बास्क भाषा शिकली, इतकी की भांडायचीसुद्धा बास्कमध्येच. लोर्नाची गाडी ‘नमस्कार’ आणि ‘पाव’ यांच्यापुढे सरकली नव्हती. "मला तेवढंच लागतं," ती म्हणायची, आणि पाव खरंच झकास मिळवायची.

घर दगडी, रुंद, डोंगराला पाठ लावून बसलेलं. आधीच्या मालकाच्या बिल्बाओत राहणाऱ्या वारसांनी आतलं सगळं उचलून नेलं होतं. राहिलं ते स्वयंपाकघरातलं लांबच लांब टेबल आणि त्याची दोन बाकं, कारण ती कुठल्याच दारातून बाहेर निघेनात.

"मग आत आली कशी?" टॅमसिनने गवंड्याला विचारलं.

"टेबल आधी. घर नंतर," इमानोल म्हणाला. तो हसला नाही, म्हणून तीच हसली.

टॅमसिनला ते घर जीव तोडून हवं होतं. जन्मापासून ती दुसऱ्यांच्या भिंतींत राहत आली होती. साधा खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारायचं. इथे पहिल्याच दिवशी तिने आपल्या खोलीत भराभर खिळे ठोकले. टांगायला काहीही नसताना.

रानडुकरं येऊ नयेत म्हणून इमानोल अंगणाला भिंत घालत होता. खालच्या बाजूला त्याने माणूसभर रुंदीची जागा मोकळी सोडली.

"इथे काय, डुकरांना आमंत्रण?" टॅमसिन म्हणाली.

"ओत्साटेगीची वाट आहे ती. या घरातलं कुणी गेलं की इथूनच चर्चकडे न्यायचं. प्रत्येक घराची आपापली असते."

तिने आईला सगळं समजावून सांगितलं. लोर्ना हात पुसत म्हणाली, "आमच्यात सध्या कुणी मरणार नाहीये म्हणावं. बंद कर."

इमानोलने थापी धुतली, पिशवीत टाकली आणि तो निघून गेला. शेवटी लोर्नाने स्वतःच तिथे लाकडी दार बसवलं, कुलूप घातलं आणि आतल्या बाजूला स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंत घेवड्याची रोपं लावली.

पुढच्या रविवारी दुपारी तो घेवडा आडवा झालेला होता.

पायरीपासून दारापर्यंत सरळ पट्टा. दाराच्या पलीकडे तोच पट्टा गवतातून खाली चर्चपर्यंत. प्रत्येक पान, प्रत्येक पातं चर्चच्या दिशेने झुकलेलं. माती ओली होती, पण तिच्यावर पाऊल नव्हतं. कुलपावर कोळ्याचं जाळं होतं, अखंड.

"डुक्कर," लोर्ना म्हणाली.

"किल्लीवालं?"

त्यानंतरच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. वर्गात पोरांना विषयच मिळाला. "ए ओत्साटेगी, तुमचा घेवडा चालत चर्चला जातो म्हणे!"

"जातो ना! तुझ्यापेक्षा नेमाने जातो!" टॅमसिनने ठणकावलं.

शेजारची जोशेपा आजी दूध घेऊन आली, तेव्हा टॅमसिनने तिला तो पट्टा दाखवला. आजीने नुसती मान हलवली. "जाणाऱ्याला जाऊ द्यावं, पोरी." आणि दूध ठेवून निघाली.

लोर्ना मात्र वाळत चालली होती. एका संध्याकाळी तिने काटा खाली ठेवला. "मला नाही सहन होत, टॅम. आणखी एकदा हे झालं ना, तर घर विकू. परत कॅनडाला, हॅलिफॅक्सला जाऊ."

"तू जा!" टॅमसिन ताडकन उठली. "मी इथून कुठेही जाणार नाही. कुणी हाकललं तरी नाही!"

रविवारी आई स्वयंपाकात गुंतल्यावर तिने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, एक खुर्ची ओढत नेली आणि कुलपाच्या दारासमोर, बरोब्बर पट्ट्यावर ठेवली. मांडीवर चोरिसोचे, मसालेदार सॉसेजचे, काप घातलेला पाव. गावातलाच कुणी टवाळ असणार, अशी तिची खात्री होती. येऊ दे! दरीतून धुकं वर चढत होतं. चर्चची घंटा वाजू लागली.

काळा कोट घालून निघालेली जोशेपा आजी भिंतीपलीकडे थांबली. "ऊठ तिथून."

"माझं अंगण आहे, आजी."

"अंगण तुझंच आहे गं. वाट नाही." आणि ती उतरून गेली.

घंटा थांबली.

वारा अजिबात नव्हता. आजीच्या धुराड्यातून धूर सरळ वर जात होता.

पायरीजवळचं घेवड्याचं पहिलं रोप खाली वाकलं. मोडलं नाही. कुणाच्या झग्याचा घेर अंगावरून जावा तसं सावकाश दबलं. मग दुसरं. मग त्याच्या पुढचं.

मेणाचा वास आला. विझवलेल्या मेणबत्त्यांचा.

पट्टा तिच्या पायांपासून हातभर अंतरावर थांबला. मागे पार पायरीपर्यंत रोपं दबलेलीच होती. एका माणसाला एवढी जागा लागत नाही.

टॅमसिनच्या तोंडातला घास तसाच राहिला. ती घाबरली होती. पण त्याहून जास्त चिडली होती.

तिने घास गिळला.

"इथून कुणी जाणार नाही," ती बास्कमध्ये म्हणाली. आवाज फाटला, म्हणून ती आणखी मोठ्याने बोलली. "हे घर आम्ही घेतलंय! राहायचं तर गुमान आत राहा. माझ्या आईचा घेवडा तुडवायचा नाही!"

कितीतरी वेळ काहीच झालं नाही.

मग तिच्या पायांजवळचं रोप उभं राहिलं. त्याच्या मागचं उभं राहिलं. एकेक करत पार पायरीपर्यंत सगळा घेवडा ताठ झाला.

स्वयंपाकघराचं दार आता सताड उघडं होतं.

जिंकली! टॅमसिनने खुर्चीवर चढून एक जोरदार आरोळी ठोकली. हॅलिफॅक्स गेलं खड्ड्यात! घर आपलं!

चर्चमधून परतताना जोशेपा आजी पुन्हा भिंतीशी थांबली. तिने उभा घेवडा पाहिला. "आज गेले नाहीत?"

"मी परत पाठवलं, आजी! तोंडावर सांगितलं!"

"परत कुठे?"

टॅमसिनने पहिल्यांदाच विचार केला. "घरात."

आजी घराकडे बघत राहिली. "तुझी आई कुठाय?"

"आतच आहे. स्वयंपाक करतेय."

आजी रस्त्याच्या पार पलीकडच्या कडेला गेली आणि तिथून चालू लागली.

टॅमसिन पायरी चढून आत आली. स्वयंपाकघर उबदार होतं. आई पाठमोरी उभी होती, मोठा पाव छातीशी धरून कापत होती. टेबलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत कापलेल्या पावाची रांग लागली होती.

"आई, दोघींना एवढा?"

लोर्ना वळली नाही. तिने दुसरा पाव उचलला, उलटा केला, सुरीच्या टोकाने त्याच्यावर क्रूस ओढला. इथल्या म्हाताऱ्या ओढतात तसा. मग बोलली. बास्कमध्ये, स्वच्छ, डोंगरातल्या जुन्या माणसांच्या घोळदार बोलीत.

"दार लाव गं पोरी. सगळे आले. आता कुणीच कुठं जायचं नाही."

टॅमसिन दारापर्यंत गेली. बाहेर धुक्यात घेवडा ताठ उभा होता. तिने कडीवर हात ठेवला, क्षणभर तशीच उभी राहिली. मग हनुवटी वर करून दार लावलं.

ती बाकावरच्या आपल्या नेहमीच्या जागेशी आली.

"सरका," ती म्हणाली.

बाक करकरलं. ती बसली. लाकूड उबदार होतं.