घिवलीच्या टेकाडावरच्या खुंट्या

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण माझे मेहुणे चंद्रभान खोटं बोलत नाहीत. अख्खी हयात सरकारी नोकरीत घालवूनही बोलत नाहीत.

साल १९८४. मे महिना. घिवलीच्या किनाऱ्यालगतची वाळूची टेकाडं.

वेळ मात्र रात्रीची नव्हे, भरदुपारची. भुतं फक्त अंधारात येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी मे महिन्यात त्या वाळूवर दुपारी अनवाणी उभं राहून दाखवावं.

टेकाडं राखीव होती. म्हणजे सुरूची झाडं, वाळू आणि ‘प्रवेश निषिद्ध’ अशी पाटी. पाटीला टेकून लोक विडी ओढायचे.

वारा सुटला की वाळू सरकायची आणि खालून गारगोटीचे टवके वर यायचे. नखाएवढे. धार अशी की बोट कापावं. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी तिथे बसून दगडाची पाती घडवत होतं. पुरातत्त्व खात्यातर्फे त्याचीच पाहणी करायला चंद्रभान तंबू ठोकून राहिले होते. त्यांच्यावर साहेब होते भगवंतराव. साहेबांचं संशोधन सुरूच्या सावलीत, आरामखुर्चीत चाले.

टवका सापडला की चंद्रभान तो पिशवीत टाकायचे आणि त्या जागी बांबूची खुंटी रोवायचे. नकाशा काढताना जागा कळावी म्हणून. खुंट्या ते स्वतः सुरीने तासायचे.

भाकऱ्या करायला घिवलीच्या रंभाबाई यायच्या. खुंट्या पाहून त्या खूश झाल्या.

“बरा केलास, भाऊ. आमी पन इथल्या काटक्या नेल्या तं काय तरी ठेवतो. हाताने केलेला. जाल्याच्या दोऱ्याची गाठ, नाय तं झावलीचा विनलेला तुकडा.”

“कुणासाठी?”

“ज्याचा हाय त्याच्यासाठी.”

“आणि नाही ठेवलं तर?”

“मंग तो आपल्या हाताने घेतो.”

एवढं बोलून त्यांनी सुका बोंबील तव्यावर टाकला. विषय संपला.

बोईसरला तेव्हा चाळी आणि इमारती उठत होत्या. वाळूच्या एका ठेकेदाराला ही टेकाडं हवी होती. पाहणीत काही सापडलं नाही असं साहेबांनी लिहिलं की ट्रक आत. सापडलं असं लिहिलं की टेकाडं वाचली.

चंद्रभानांच्या तंबूत पिशव्यांची थप्पी छातीला लागत होती.

एका दुपारी साहेब म्हणाले, “चंद्रभान, इथे काही सापडलेलं नाही.”

“साहेब, तुम्ही पिशवीवरच पाय ठेवून बसला आहात.”

“हे दगड आहेत.”

“दगडांचीच पाहणी आहे, साहेब.”

“नोकरी करायची आहे ना? बायकोमुलं गावाला आहेत तुमची.”

चंद्रभानांची कानशिलं तापली. तोंड उघडलं असतं तर शिवी बाहेर पडली असती. ते तडक समुद्राकडे चालू लागले.

परत आले तर टेकाड मोकळं होतं. पिशव्या वाळूत उलट्या केलेल्या. आणि एक न् एक खुंटी उपटलेली.

साहेबांनी स्वतः उपटली होती. सबंध पाहणीत त्यांनी हातांनी केलेलं ते एकमेव काम.

खुंट्यांच्या जाळावर चहा उकळत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठेकेदाराचा ट्रक आला. ड्रायव्हर सावलीत आडवा झाला.

वारा पडला.

सुरूची सळसळ थांबली. समुद्राची गाजसुद्धा ऐकू येईना. कावळा नाही, कुत्रं नाही...

आणि मग...

टक्.

टक्... टक्.

दगडावर काहीतरी आपटत होतं. सावकाश, नेमकं. आणि रागाने. राग आवाजात कळतो. चंद्रभानांना चटकन कळला, कारण रात्रभर त्यांच्या छातीत तोच चालू होता.

ते टेकाडामागे गेले.

कुणी नव्हतं.

वाळूवर एक पाऊल नव्हतं. फक्त एक खळगा... कुणी उकिडवं बसून उठावं तसा. भोवती टवके पडलेले, उन्हात चमकणारे.

गारगोटीचे नव्हते...

काचेचे होते.

तेवढ्यात ड्रायव्हर ओरडत आला. “साब, ट्रक की काच किधर गयी?”

ट्रकची पुढची काच नव्हती. रबर जागच्या जागी. सीटवर एक कण नाही.

“चोर आहेत इथले,” भगवंतराव म्हणाले.

“आहेत, साहेब,” चंद्रभान त्यांच्याकडे बघत म्हणाले.

साहेब टेकाडामागे आले. त्यांनी वाकून काचेचा एक टवका उचलला आणि खिशात टाकला. त्या जागी ठेवलं काहीच नाही.

टक्.

या वेळी अगदी जवळ...

साहेबांनी डोळ्यांना हात लावला. नाकावर चष्म्याची दांडी होती, चौकट होती. भिंगं नव्हती. गालावर ओरखडासुद्धा नाही.

खळग्यात काचेची दोन पाती पडली होती. शेजारी शेजारी. पाठ बोथट, धार तिरपी. वाळूतून दगडाची निघत होती, हुबेहूब तशीच.

घाबरलेला माणूस सुधारतो, अशी आपल्याकडे एक गोड समजूत आहे. भगवंतरावांनी पालघरला नवा चष्मा केला, तो लावून ‘काहीही आढळले नाही’ असं लिहिलं आणि बढती घेतली.

ट्रकवाल्यांनी पुढच्या काचा घरी काढून ठेवल्या आणि तोंडाला फडकी बांधून वाळू नेली. पावसाळ्याआधी टेकाड सपाट. रंभाबाईंनी त्या सपाट जागेवर दोऱ्याची एक गाठ ठेवली आणि थुंकून निघून गेल्या.

चंद्रभान पुढे बोईसरलाच स्थायिक झाले. इमारत त्या वर्षाची. गिलावाही त्या वाळूचा.

चष्म्याखेरीज त्यांच्या घरात काच नाही. आरसा नाही, काचेचा पेला नाही, फोटोसुद्धा उघडेच. मे महिन्यात दुपारी वारा पडला की ते चष्मा काढून खिडकीत ठेवतात. शेजारी ताजी तासलेली बांबूची खुंटी.

गेल्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे जेवायला होतो. वारा पडला...

भिंतीच्या आतून...

टक्.

थोड्या वेळाने पाहिलं. चष्मा जागेवर होता. खुंटी नव्हती.

“तुम्हाला भीती नाही वाटत?” मी विचारलं.

“त्याची? त्याचं काय चुकलं?” चंद्रभान म्हणाले. अजून तितकेच संतापलेले. “त्याचं घर लिंपून आपण राहतोय.”

मीही बोईसरलाच राहतो. इमारत त्याच वर्षाची. बिल्डरला विचारलं, वाळू कुठली होती? त्याने घिवलीच्या दिशेला बोट दाखवलं.

बांबू आणून ठेवला आहे. माझ्याच्याने अजून नीट तासला जात नाही.