इकडेही नाही

जोडणी पहिल्याच दिवशी, पहिल्याच फटक्यात झाली.

पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. सुलक्षणानंही ते पाहिलंच नाही असं ठरवलं होतं.

जळगावात अखिलशेठची कंपनी कापसाच्या जिनिंगांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. सगळा कोड आपल्याच सर्व्हरवर, ऑफिसातल्या फ्रिजशेजारी. क्लाउडवर नाही, खानदेशात ढगांच्या भरवशावर कोण राहतं, असं शेठचं मत. एकदा त्यांना वाटलं, कुणाचं काम कुठं अडतं ते कळावं. पण असली आकडेमोड सुरू झाली की मुख्य डेटाबेस धापा टाकायचा. म्हणून नुसत्या मोजणीसाठी दुसरा डेटाबेस आणला. तो राहणार धुळ्याच्या ऑफिसात, देवपूरला, आणि तिथून जळगावच्या सर्व्हरला जोडायचा.

त्याचं मशीन न्यायला तिकडून कंत्राटी इंजिनिअर नवल आला. वायरींची पिशवी धरून जळगाव ऑफिसची सुलक्षणा त्याच्याबरोबर स्टँडवर गेली. हादरे बसू नयेत म्हणून त्यानं मशीन गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलं. कंडक्टर थबकला.

"पोऱ्या शे का?"

"मशीन शे, भाऊ."

"झोपेल शे?"

"अजून चालूच केलं नाही."

"मंग अर्धं तिकीट."

नवलनं मुकाट्यानं तिकीट काढलं. खिडकीखाली सुलक्षणा हसली — बस सुटल्यावरही हसतच राहिली, वायरींची पिशवी हातातच धरून.

पिशवीसाठी तो दुसऱ्या दिवशी परत आला, आणि स्टँडवर तिच्याशी बोलता बोलता धुळ्याच्या बस एकामागून एक सुटू दिल्या.

"ही जोडणी झाली की माझं कंत्राट संपलं," तो म्हणाला. "मग बंगळूर."

"लवकर होईल?"

"झाली तर... लगेच होते."

मशीन देवपूरला बसलं. जळगावात सुलक्षणानं त्याचा पत्ता टाकला, पासवर्ड टाकला, बटण दाबलं. स्क्रीन हिरवी झाली. फोन कानाला होताच.

"लागलं का?"

हिरवा उजेड तिच्या नखांवर पडला होता. लागलं म्हटलं की बंगळूर...

"नाही ना."

"इकडेही नाही," पलीकडून नवल म्हणाला. "उद्या बघू?"

"बघू."

मग रोजच बघू लागले. सुलक्षणा लॉगिन करून खुर्ची पुढं ओढते तोच फोन वाजायचा.

"मी बसले हे तुला कळतं कसं रे?"

"मन जुळलंय ना."

"डेटाबेस जुळेना, म्हणे मन! ते अर्ध्या तिकिटाचं पोर काय म्हणतंय?"

"तुझी आठवण काढतं. दूध पीत नाही."

"मग तूच पी!"

फोन ठेवल्यावर तिला त्याची कीव यायची. एवढा हुशार माणूस, आणि बदाबदा डेटा येतोय तो दिसू नये? उद्या मनातलं सांगून टाकू, असं ती रोज ठरवायची. आणि रोज "नाही ना" एवढंच सांगायची.

शेवटी अखिलशेठनी विषय मिटवला. "जळगावचं धुळ्याला लागतच नाही. मशीन परत आणा, नवलला मोकळं करा."

खरं सांगितलं असतं, तर काम झालं म्हणून गेला असता. सांगितलं नाही, म्हणून काम झालं नाही म्हणून गेला.

निघायच्या दिवशी त्याचा फोन आला.

"शेवटचं विचारतो... लागलं का?"

शब्द ओठापर्यंत आला होता. पण तोंडाला सवय झालेली.

"नाही."

"इकडेही नाही," तो हळूच म्हणाला.

शिपाई झुलालभाऊ मशीन घेऊन आला, त्याच गोधडीत. या खेपेला पूर्ण तिकीट पडलं म्हणाला. सुलक्षणानं मशीन चालू केलं. आत पहिल्या दिवसापासूनची एकूण एक नोंद होती. आणि नवलनं लावून ठेवलेली एकुलती एक सूचना: सुलक्षणा लॉगिन झाली की घंटी वाजव.

ती गोधडीवरच बसली.

मग तिनं त्याचा नंबर फिरवला. फोन अखिलशेठच्या टेबलाच्या खणात वाजला. कंपनीचा होता, मशीनबरोबरच परत आलेला. दुसरा नंबर तिनं कधी मागितलाच नव्हता. रोज तर बोलत होते.

त्या संध्याकाळी सर्व्हरवर सुलक्षणाची एक नवी विनंती दाखल झाली. धुळ्याकडच्या मंजुऱ्या अजून नवलच्याच नावावर होत्या.

"विषय: जळगाव–धुळे जोडणी पूर्ववत करून मिळणेबाबत. कारण: ती चालूच होती, व हे दोन्ही बाजूंस ठाऊक होते. मंजुरी देणार: नवल, देवपूर (खाते बंद). तरी मा. नवल यांनी बंद खात्यात येऊन 'लागलं' एवढेच कळवावे, ही नम्र विनंती."