अकराची वेळ

अशोक चौकामागच्या गल्लीत सुकन्याचं घर. तिथल्या वरच्या खोलीत चांगला उजेड यायचा तो सकाळी साडेनऊ ते साडेबारा एवढाच. म्हणून दोघी मैत्रिणी तेवढ्या वेळात मुलाखतीची तयारी करायच्या. शिलाई मशीनच्या फळीवर लॅपटॉप, त्याखाली दोन जाड पुस्तकं, म्हणजे कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत. मागच्या पोपडे आलेल्या भिंतीवर सेफ्टी पिनांनी टाचलेली पांढरी चादर. शेजारचे यंत्रमाग सुरू झाले की खिडकी लावून घ्यायची आणि घाम पुसत इंग्रजीत स्वतःची ओळख करून द्यायची. एकीनं विचारायचं, दुसरीनं उत्तर द्यायचं.

रुपाली दीड वर्षापूर्वी कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीहून सोलापूरला आली, तेव्हा तिला धड मराठीही येत नव्हती. निम्मं वाक्य कन्नडमध्ये जायचं. "अक्का, मला फकस्त बोलायला शिकव. बाकी मी बघते," असं ती म्हणाली होती. सुकन्यानं शिकवलं. स्क्रीनकडे नाही, कॅमेऱ्याकडे बघायचं. समोरासमोर असेल तर 'बसा' म्हटल्याशिवाय बसायचं नाही. हात मांडीखाली लपवायचे नाहीत.

मार्चमध्ये कधीतरी सुकन्याच्या लक्षात आलं की पारडं फिरलंय. अडचणीचा प्रसंग सांगा म्हटलं की रुपाली सांगायची, बाजारात दोन कळप एकमेकांत मिसळले आणि तिनं आपली मेंढरं नुसत्या हाका मारून वेगळी केली. ऐकताना धूळ दिसायची. त्याच प्रश्नाला सुकन्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचं सांगायची आणि सांगतानाच तिला स्वतःचा कंटाळा यायचा. एकदा सुकन्याची आई, अम्मा, चहा घेऊन जिन्यात थबकली होती. इंग्रजीचा गंध नसलेली अम्मा रुपालीचं उत्तर संपेपर्यंत तिथंच उभी राहिली. नंतर म्हणाली, "ती बोलते ते कळतं गं."

ते वाक्य सुकन्याला सलत राहिलं. त्यानंतर तिनं रुपालीला चुका सांगणं सोडून दिलं. मग मुद्दाम चुकीचं सांगू लागली. "फार भरभर बोलतेस, हळू बोल." रुपाली हळू बोलू लागली आणि आणखी छान बोलू लागली.

एप्रिलमध्ये एका विमा कंपनीची जाहिरात आली. सोलापुरात नवीन शाखा, जागा एकच. आधी ऑनलाइन मुलाखत, मग प्रत्यक्ष. दोघींचे अर्ज सुकन्याच्याच लॅपटॉपवरून भरले आणि रुपालीचं मेलखातं तिथंच उघडं राहिलं. रुपालीचा मोबाईल नेमका त्याच आठवड्यात पाण्याच्या हौदात पडला आणि ती दुधनीला घरी गेली. जाताना म्हणाली, "मेल आला की आईच्या फोनवर सांग की अक्का."

मेल आले. रुपालीची वेळ मंगळवारी अकराची, सुकन्याची बाराची. सुकन्यानं रुपालीचा मेल दोनदा वाचला आणि काढून टाकला. रविवारी शिवम्माच्या, म्हणजे रुपालीच्या आईच्या फोनवरून रुपालीनंच विचारलं, "आलं का काय?"

"नाही गं. आलं की सांगते."

मंगळवारी साडेदहालाच सुकन्या चादरीसमोर जाऊन बसली. स्क्रीनच्या कोपऱ्यातले आकडे बघत राहिली. अकरा वाजले. तिनं काहीच केलं नाही. फक्त शेजारचे माग एकाएकी थांबले. लाईट गेली म्हणावं, तर डोक्यावर पंखा फिरत होता. वीस-पंचवीस मिनिटं इतकी शांतता होती की तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. मग माग पुन्हा सुरू झाले.

बाराला पुण्याहून दोघं जोडली गेली. एक वयस्कर साहेब, एक चष्मेवाल्या बाई. बाई स्क्रीनजवळ सरकल्या आणि हसल्या.

"अरे, चादर तीच! डाव्या कोपऱ्यातली वाकडी पिनसुद्धा. दोघी एकाच खोलीतून देताय वाटतं?"

"कोण दोघी?"

"रुपाली मॅडम. आत्ताच झाल्या ना त्या, अकराच्या."

सुकन्यानं मान वळवून मागं पाहिलं. चादर होती. बंद दार होतं.

खरं तर तिला भीती वाटायला हवी होती. पण तोंडून आधी दुसरंच निघालं. "कशी झाली तिची?"

"ते सांगायचं नसतं," बाई म्हणाल्या. पण त्यांच्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं.

दोघींना शनिवारी प्रत्यक्ष बोलावलं. रुपालीला आलेला तो मेलही सुकन्यानं वाचला. दुधनीला फोन मात्र केला नाही. केला असता तर विचारावं लागलं असतं, आणि विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं. मधले तीन दिवस ती त्या खोलीत गेली नाही. तयारी खालीच, आरशासमोर केली.

शनिवारी होटगी रोडवरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, रावजी नावाचा शिपाई रजिस्टर घेऊन बसला होता. सुकन्याच्या वरच्या ओळीत सही होती. 'प'ची शेपटी खाली लांब ओढलेली. ती तशी सही तिनंच रुपालीला बसवून दिली होती.

"ही कधी आली?"

"आत हायेत की. बसा तुमी."

बंद दाराआडून आवाज येत होता. शब्द लागत नव्हते, पण आवाज ओळखीचा होता. सावकाश, ठाम. मध्येच आतली माणसं मनापासून हसली. सुकन्याच्या मनात आलं, इथंसुद्धा, अशीसुद्धा, तीच पुढं.

दार उघडलं.

कुणीच बाहेर आलं नाही.

रावजीनं पाय आखडून वाट दिली. "सावकाश मॅडम, फरशी ओली हाय," तो म्हणाला, आणि जिन्याकडे बघत राहिला. मग सुकन्याकडे वळला. "तुमच्याकडं बघून हसल्या की त्या. वळखत न्हाई काय?"

आत गेल्यावर तिला बसा म्हणाले. ती बसली. खुर्ची गरम होती.

त्याच चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी फाईल मिटून बाजूला ठेवली. "खरं सांगू? तुमच्या मैत्रीण उजव्या होत्या. पण त्यांनी आत्ता माघार घेतली. म्हणाल्या, ही जागा सुकन्याअक्काला द्या, मला तिनंच बोलायला शिकवलं. तेव्हा जागा तुमची."

सुकन्यानं तोंड उघडलं. ती आलीच नव्हती, तिला ठाऊकसुद्धा नाही, मी मेल काढून टाकला. सगळं जिभेवर होतं.

"थँक यू, मॅडम," ती म्हणाली.

खाली रस्त्यावर रणरणतं ऊन होतं. तिनं शिवम्माला फोन लावला. मागं शेळ्या ओरडत होत्या.

"मावशी, रुपाली कुठं आहे?"

"घरातच हाय की. कुटं जाणार?" शिवम्माचा आवाज थकलेला होता. "मंगळवारपासनं तिची वाचा गेलीया बाई. गोठ्यात बोलता बोलता वाचा बसली ती बसलीच. अक्कलकोटला डाक्टरला दावलं. घसा चांगला हाय म्हणतो."

"मंगळवारी किती वाजता?"

"अकराची गाडी नुकती गेल्ती. का गं?"

सुकन्या इमारतीच्या सावलीत सरकली.

"थांब, आली बग. तुजाच फोन हाय म्हणून कळलं वाटतं. कायतर लिवतीया कागदावर." कागदाची चुरचुर ऐकू आली. मग शिवम्मा एकेक अक्षर लावत वाचू लागली.

"अ... भि... नंदन, अक्का. असं लिवलंय. कशाचं गं बाई?"